चार गुण मिळाले, पण गाय की डुक्कर? ग्रोथ हॉर्मोनच्या ओळखीबद्दल एक तक्रार

ग्रोथ हॉर्मोनच्या फोरेन्सिक ओळखीवरचे पेपर वाचायला घेतलेत, तर एक वाक्य तुम्हाला थोड्याफार फरकानं भेटत राहील. नमुना ट्रिप्सिननं पचवला, मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडला, डेटाबेसशी जुळवला, आणि मग ‘इतके टक्के सीक्वेन्स कव्हरेजसह हे अमुक प्राण्याचं ग्रोथ हॉर्मोन असल्याचं निश्चित झालं’. वाक्य भारदस्त आहे. टक्केवारी ऐंशीच्या पुढे असली की आपण मान डोलावतो आणि पुढच्या पानावर जातो.

आजची तक्रार या वाक्याबद्दल आहे. पद्धतीवर माझा राग नाही. मास स्पेक्ट्रोमेट्री नसती तर हा प्रश्न सुटलाच नसता. पण ‘कव्हरेज’ हा आकडा ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून छापला जातो, त्या प्रश्नाचं ते उत्तर नसतं. तुम्ही पीएच.डी.ला नाव नोंदवायच्या तयारीत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर हे एकदा कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. फार गणित नाही, बेरीज-वजाबाकी आहे.

आधी हे ठरवू, की प्राणी कोणता हे कुणाला आणि कशाला हवंय.

माणसाच्या ग्रोथ हॉर्मोनमध्ये १९१ अमिनो आम्लं असतात, वस्तुमान सुमारे २२,१२५ डाल्टन. गाईचंही साधारण तेवढंच लांब, पण दोघांचा क्रम ढोबळमानानं दोन तृतीयांशच जुळतो. त्यामुळे गाईचं हॉर्मोन माणसाला लागू पडत नाही. १९५६मध्ये क्नोबिल आणि ग्रीप यांनी माकडांवर दाखवलं की माकडाला प्रायमेट प्राण्याचंच ग्रोथ हॉर्मोन चालतं. पुढे १९९०च्या दशकात कारणही कळलं: माणसाच्या रिसेप्टरवरचं ४३व्या जागेवरचं आर्जिनिन इतर सस्तन प्राण्यांच्या हॉर्मोनला जवळ येऊ देत नाही. म्हणजे जिममध्ये कुणी ‘ग्रोथ’ म्हणून गाईच्या हॉर्मोनची कुपी विकली, तर ती वाढीच्या दृष्टीनं पाणीच. वर परकं प्रथिन टोचून घेतल्याचा धोका वेगळा. पोलिसांनी जप्त केलेल्या कुपीत माणसाचं हॉर्मोन आहे की गाईचं, यावर गुन्हा कुठला ते ठरतं.

गोठ्यातला प्रश्न निराळा. अमेरिकेत नोव्हेंबर १९९३मध्ये गाईला दूध वाढवण्यासाठी टोचायचं रिकॉम्बिनन्ट हॉर्मोन मंजूर झालं (मोन्सॅन्टोचं पोसिलॅक), कॅनडानं १९९९मध्ये ते नाकारलं, युरोपियन युनियननं २०००पासून बंदी घातली. तिथे प्रश्न असा येतो: गाईच्या रक्तात सापडलेलं हॉर्मोन तिचं स्वतःचं की बाटलीतलं? शर्यतीच्या घोड्यांबाबतही हेच. आरोप शेतकऱ्यावर, जॉकीवर, ट्रेनरवर येतो. रिपोर्टवर सही करणारा कधीतरी तुमच्यापैकीच कुणी असेल.

आता कामाला लागू. ट्रिप्सिन प्रथिनाला लायसिन किंवा आर्जिनिनच्या पुढे कापतं. १९१ मण्यांच्या माळेचे वीसएक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचं वजन आपण मोजतो, मग तो तुकडा फोडून त्याच्या तुकड्यांचंही मोजतो. हे शितावरून भाताची परीक्षा करण्यासारखं आहे. परीक्षा खरी होते, पण शीत कुठलं उचललं यावर सगळं अवलंबून. आणि पातेल्यात दोन जातींचे तांदूळ असले तर एका शितानं भागत नाही.

एक छान तुकडा बघा. अमिनो आम्लांची एकाक्षरी नावं वापरते: व्ही-एफ-टी-एन-एस-एल-व्ही-एफ-जी-टी-एस-डी-आर. तेरा मणी, एका प्रोटॉनसह वस्तुमान १४४२.७३. लांबी चांगली, स्पेक्ट्रमही बघण्यासारखा येतो, सर्च इंजिन त्याला भरघोस स्कोअर देतं. आणि तो गाय, मेंढी, शेळी, डुक्कर, कुत्रा या सगळ्यांत अक्षरशः एकच आहे. माणसात तो नाही, त्यामुळे ‘हे माणसाचं हॉर्मोन नव्हे’ एवढं तो सांगतो. पुढचं काही विचारलंत तर तो गप्प. पण कव्हरेजच्या टक्केवारीत हे तेरा मणी इतर कुठल्याही तेरा मण्यांइतकेच मोजले जातात.

माझ्या तक्रारीचं मूळ इथे आहे. कव्हरेज सगळ्या जागांना सारखं मत देतं. ओळखीच्या प्रश्नात सगळ्या जागा सारख्या नसतात.

गाय आणि मेंढीची जोडी घ्या. त्यांच्या ग्रोथ हॉर्मोनमध्ये एकाच जागी फरक आहे, १३०वी जागा. गाईत तिथे ग्लायसिन, मेंढीत व्हॅलीन. (शेळीचा क्रम मेंढीसारखाच आहे, म्हणजे त्या दोघींना अलग करायचा प्रश्न इथेच संपला.) ही जागा ज्या तुकड्यात येते तो आठ मण्यांचा: गाईत ई-एल-ई-डी-जी-टी-पी-आर, मेंढीत ई-एल-ई-डी-व्ही-टी-पी-आर.

आता हिशोब मांडा. समजा तुम्हाला हा आठ मण्यांचा तुकडा सोडून बाकी सगळी माळ सापडली. १९१ पैकी १८३, म्हणजे जवळपास ९६ टक्के कव्हरेज. असा आकडा असलेला पेपर कुठलाही रिव्ह्यूअर हसत पास करेल. आणि तुम्हाला गाय की मेंढी हे सांगता येणार नाही. उलट कुणाला फक्त हाच तुकडा नीट सापडला, तर कव्हरेज ४ टक्के, आणि गाय-मेंढीचा निकाल लागलेला.

गंमत अशी की नेमका हाच तुकडा हरवण्याची शक्यता जास्त. लहान आहे, पाण्यात रमणारा आहे, कॉलममधून लवकर बाहेर पडतो. माल्डीवर त्याचं वस्तुमान ९१६.४४ येतं, तिथे मॅट्रिक्सचा कचरा भरपूर. बरेच जण स्कॅनची सुरुवातच १०००च्या आसपास करतात. म्हणजे निर्णायक साक्षीदार कोर्टाच्या दाराबाहेर उभा, आणि आत बाकी सगळ्यांच्या साक्षी झाल्या म्हणून निकाल.

या आठ मण्यांवर अजून थोडं थांबते, कारण यात एक खड्डा आहे जो मला फार आवडतो.

गाईच्या ग्रोथ हॉर्मोनमध्ये १२७व्या जागी दोन नैसर्गिक प्रकार असतात. काही गाईंत ल्युसीन, काहींत व्हॅलीन, काहींत दोन्ही. होल्स्टीनमध्ये ल्युसीनवाला जास्त, जर्सीमध्ये व्हॅलीनवाला तुलनेनं जास्त दिसतो. ही १२७वी जागा आपल्या तुकड्यातच येते, दुसरा मणी. म्हणजे व्हॅलीनवाल्या गाईत तुकडा होतो ई-व्ही-ई-डी-जी-टी-पी-आर.

आणि डुकरात याच ठिकाणी काय आहे? ई-एल-ई-डी-जी-एस-पी-आर.

बेरीज करा. ल्युसीन ११३.०८४०६, सेरीन ८७.०३२०३, मिळून २००.११६०९. व्हॅलीन ९९.०६८४१, थ्रिओनिन १०१.०४७६८, मिळून २००.११६०९. पाचव्या दशांशापर्यंत तेच, आणि यात योगायोग नाही: ल्युसीन ते व्हॅलीन एक सीएच-२ कमी, सेरीन ते थ्रिओनिन एक सीएच-२ जास्त. दोन्ही तुकड्यांचं रासायनिक सूत्रच एक आहे. एका प्रोटॉनसह दोघेही ९०२.४२. तुम्ही ऑर्बिट्रॅप आणा, त्याहून भारी काही आणा, नुसत्या वस्तुमानानं हे दोघे जन्मात वेगळे होणार नाहीत. ‘आमची अचूकता १ पीपीएम आहे’ या वाक्याचा इथे शून्य उपयोग.

म्हणजे मिश्र जातीच्या कळपातल्या पिट्युटरींपासून काढलेल्या हॉर्मोनमध्ये ९१६.४४ आणि ९०२.४२ ही दोन्ही शिखरं दिसणार. ज्याच्या डेटाबेसमध्ये गाईचा एकच क्रम भरलेला आहे, त्याला सर्च इंजिन काय सांगेल? ‘मुख्य घटक गाय, सोबत डुकराचा अंश.’ अशा रिपोर्टमध्ये डुकराचं नाव चुकून आलं तर काय होऊ शकतं, हे आपल्याकडे वेगळं समजवायला नको. आणि इथे प्रयोगशाळेत कुणी काही गलथान केलेलं नसेल. मोजमाप बिनचूक, निष्कर्ष चुकीचा.

तुम्ही म्हणाल, तुकडा फोडून बघा की. बरोबर, तेच करायचं. आर्जिनिनच्या टोकाकडून मोजलेले तुकडे, म्हणजे वाय आयन, इथे कामाला येतात. वाय-३ गाईत टी-पी-आर, ३७३.२२, डुकरात एस-पी-आर, ३५९.२०. वाय-४ गाईत ४३०.२४, डुकरात ४१६.२३. फरक स्वच्छ. प्रश्न सुटला.

सुटला, जर तुम्ही ते आयन पाहिले असतील तर. आता नियमांकडे वळते, कारण माझा मुख्य आक्षेप तिथे आहे.

युरोपात अशा तपासण्यांसाठी बराच काळ २००२चा एक निर्णय प्रमाण मानला जात होता, २००२/६५७ या क्रमांकाचा. त्यात ‘ओळख गुण’ अशी पद्धत होती. बंदी असलेल्या पदार्थासाठी किमान ४ गुण हवेत. साध्या रिझोल्यूशनच्या टँडम उपकरणावर मूळ आयनाला १ गुण, त्यापासून निघालेल्या प्रत्येक आयनाला दीड. म्हणजे एक मूळ आणि दोन तुकडे: एक अधिक दीड अधिक दीड, चार. पास.

आता ९०२.४२चा आपला तुकडा घ्या. दोन प्रोटॉनसह तो ४५१.७१ला दिसतो. हा मूळ आयन, गाय-डुक्कर दोघांत एकच. यातून सगळ्यात जोरकस निघणारा तुकडा बहुधा वाय-२ असणार, पी-आर, २७२.१७, कारण प्रोलीनच्या अलीकडे साखळी सहज तुटते. दोघांत एकच. दुसरा निवडला वाय-७, म्हणजे पहिला ई सोडून बाकी सगळं: ७७३.३८. दोघांत एकच, कारण दोन्ही बदल त्याच्या पोटातच आहेत. एक अधिक दीड अधिक दीड. चार गुण मिळाले, नियम पूर्ण पाळला, आणि गाय की डुक्कर हे अजूनही माहीत नाही.

(जाता जाता: माणसाच्या हॉर्मोनमध्ये याच ठिकाणचा तुकडा एल-ई-डी-जी-एस-पी-आर आहे, वस्तुमान ७७३.३८. डुकराच्या तुकड्याचा वाय-७ आणि माणसाचा अख्खा तुकडा एकच. मी कागदावर हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा बेरीज तपासली.)

ही गुणपद्धत लहान रेणू डोळ्यांसमोर ठेवून घडली. स्टेरॉइडसारख्या रेणूत कुठलेही दोन तुकडे जुळणं हीच मोठी गोष्ट असते. पेप्टाइडचं तसं नाही. तिथे नातलग रेणू एकमेकांचे जवळजवळ जुळे असतात, आणि कोणते तुकडे जुळले हे किती जुळले यापेक्षा महत्त्वाचं ठरतं. नियम ‘किती’ विचारतो. ‘कोणते’ हे संशोधकावर सोडतो. पेपर लिहिणारे बरेचदा सगळ्यात उंच शिखरं निवडतात, कारण संवेदनशीलतेचा आकडा छान येतो. सर्वांत उंच आणि सर्वांत उपयोगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक आक्षेप मला मान्य करायलाच हवा. गाय आणि डुकराच्या हॉर्मोनमध्ये इतरत्रही फरक आहेत, एकूण क्रम साधारण ९० टक्के जुळतो. कुपीत मिलिग्रॅमच्या हिशोबात शुद्ध पदार्थ असेल, तर एक तुकडा गोंधळात टाकणारा निघाला तरी दुसरे चार निकाल देतील. खरंय. जप्त कुपीच्या बाबतीत मी उगाच घाबरवत नाही. पण दोन परिस्थितींत हा बचाव लंगडा पडतो. एक, मिश्रण: मुख्य माल गाईचा आणि संशय थोड्याशा डुकराच्या अंशाचा, तेव्हा त्या अंशाचे एक-दोनच तुकडे दिसतात आणि सगळा भार त्यांच्यावर येतो. दुसरी परिस्थिती रक्ताची. तिथे हॉर्मोन नॅनोग्रॅममध्ये असतं, आणि एक तुकडा दिसला तरी मोठी गोष्ट.

रक्तावरच्या कामांत २००८ साल महत्त्वाचं. फ्रान्समधल्या संशोधकांचे दोन पेपर त्या वर्षी आले. एक रिकॉम्बिनन्ट घोड्याच्या हॉर्मोनवर, घोड्याच्या प्लाझ्मात. दुसरा गाईच्या रिकॉम्बिनन्ट हॉर्मोनवर, तेही टोचलेल्या शेळीच्या प्लाझ्मात. दोन्हींत युक्ती एकच, आणि ती सुंदर आहे.

जिवाणूत प्रथिन बनवताना साखळीची सुरुवात मेथिओनिननं होते. मोन्सॅन्टोच्या हॉर्मोनमध्ये तो मणी तसाच राहिलेला आहे. गाईच्या नैसर्गिक हॉर्मोनची सुरुवात ए-एफ-पी-ए-एम अशी (काही रेणूंत पहिला ए गळालेला), तर बाटलीतल्याची एम-एफ-पी-ए-एम. अ‍ॅलॅनीनच्या जागी मेथिओनिन, फरक ६०.००३ डाल्टन. सतरा मण्यांचा तो पहिला तुकडा दोन प्रोटॉनसह ९१२.९८ला दिसतो. गाय स्वतः हा तुकडा बनवत नाही. घोड्यातही तसंच: नैसर्गिक सुरुवात एफ-पी-ए-एम, औषधाची एम-एफ-पी-ए-एम.

बघा, इथे कव्हरेज जवळजवळ नाहीच, एका तुकड्यावर खेळ आहे. तरी ही ओळख कितीतरी भक्कम आहे, कारण तुकडा प्रश्न बघून निवडलाय. ‘हे नैसर्गिक कसं नाही?’ याचं उत्तर त्या एका मण्यात आहे. मी कुणाला एकच उदाहरण द्यायचं झालं तर हे देईन.

तरीही त्या शेळीच्या पेपरबद्दल माझ्या वहीत तीन नोंदी आहेत. पहिली, शीर्षकातच ‘एक’ शेळी आहे. तत्त्व दाखवायला एक पुरते. न टोचलेल्या जनावरांत हा सिग्नल कधीच चुकून येत नाही असं म्हणायला एक पुरत नाही. याच गटानं पुढे गाईंवरही काम केलं, त्यामुळे ही तक्रार त्यांच्यावर कमी आणि तो एकच पेपर उद्धृत करून मोकळे होणाऱ्यांवर जास्त.

दुसरी नोंद मेथिओनिनबद्दलच. हा मणी सहज ऑक्सिडाइझ होतो, वस्तुमान १५.९९ने वाढतं. आपल्या तुकड्यात असे दोन मणी, म्हणजे एकाच तुकड्याचा सिग्नल तीन वजनांत वाटला जाऊ शकतो. नॅनोग्रॅमच्या पातळीवर हे परवडत नाही. ज्या रिपोर्टमध्ये ‘आढळलं नाही’ असं लिहिलंय, तिथे ऑक्सिडाइझ झालेले प्रकार शोधले होते का, हे विचारा.

तिसरी नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मेथिओनिनचा तुकडा ‘बाहेरून आलंय’ हे सांगतो. ‘गाईचं आहे’ हे तो सांगत नाही, कारण शेळीच्या स्वतःच्या हॉर्मोनची सुरुवातही गाईसारखीच आहे. शेळीत गाईचा पुरावा हवा असेल तर आपला जुना मित्र, आठ मण्यांचा तुकडा, पाहिजे. शेळीचा स्वतःचा जी-ऐवजी व्ही असलेला, ९५८.४८; गाईचा ९१६.४४. शेळीच्या रक्तात ९१६.४४चा तुकडा, नीट फोडून पटवलेला, हा परका पाहुणा. हाच तुकडा गाईच्या रक्तात मात्र घरचाच. एकच तुकडा, एका जनावरात पुरावा आणि दुसऱ्यात काहीच नाही! तुकड्याचं मोल नमुना कुणाचा यावर ठरतं, आणि कव्हरेजच्या आकड्यात यातलं काहीच उमटत नाही.

उद्योगाच्या बाजूनंही एक फट आहे. अन्नातल्या अवशेषांची तपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीसमोर १९९०च्या दशकात गाईच्या रिकॉम्बिनन्ट हॉर्मोनचे चार प्रकार आले होते. त्यातल्या सोमेट्रिबोव्हमध्ये, म्हणजे पोसिलॅकमध्ये, सुरुवातीचं मेथिओनिन आहे. सोमाव्हुबोव्हमध्ये ते नव्हतं. त्याचा क्रम गाईच्या एका नैसर्गिक प्रकाराशीच जुळणारा. म्हणजे उद्या कुणी मेथिओनिन काढून टाकलेलं हॉर्मोन बाजारात आणलं, तर ६०.००३ची सगळी हुशारी निकामी. चाचणीला ‘रिकॉम्बिनन्ट ओळखणारी’ म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. ती मेथिओनिन ओळखते.

हीच फट माणसांच्या बाबतीत सताड उघडी आहे. १९८५मध्ये, पिट्युटरीपासून काढलेल्या हॉर्मोनमुळे क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग होतोय हे लक्षात आल्यावर, अमेरिकेत ते बंद झालं आणि त्याच वर्षी जेनेनटेकचं प्रोट्रोपिन आलं. त्यात एक मेथिओनिन जास्त होतं, १९२ मणी, म्हणजे अख्ख्या रेणूचं वस्तुमान २२,१२५ऐवजी २२,२५६. ते ओळखणं सोपं. पण नंतरची औषधं १९१ मण्यांची, शरीर बनवतं त्याच्या मुख्य प्रकाराशी तंतोतंत जुळणारी. खेळाडूच्या रक्तात ती मास स्पेक्ट्रोमीटरनं ओळखता येत नाहीत, कारण मोजायला फरकच उरलेला नाही.

म्हणून उत्तेजक तपासणीत वेगळा मार्ग धरला गेला: २२ किलोडाल्टनचा मुख्य प्रकार आणि पिट्युटरीतून येणारे इतर प्रकार यांचं गुणोत्तर, तेही प्रतिपिंडांच्या मदतीनं. एस्टोनियाचा स्की धावपटू आंद्रुस वीरपालू २०११मध्ये या चाचणीत अडकला आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. मार्च २०१३मध्ये खेळांच्या लवादानं ती उठवली. लवादाच्या मते चाचणी मूळात विश्वासार्ह होती, आणि त्यानं हॉर्मोन घेतलं असावं असं सुचवणाऱ्या गोष्टीही होत्या. पण दोषी ठरवण्याची जी सीमारेषा, ती कशी काढली हे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला पुरेसं पटवता आलं नाही.

हा निकाल प्रतिपिंडांच्या चाचणीचा आहे, मास स्पेक्ट्रोमेट्रीचा नाही, हे विसरू नका. तरी मला तो इथे हवा होता. लवादानं ‘तुमचं यंत्र किती भारी’ हे विचारलं नाही. ‘ही रेष इथेच का?’ हे विचारलं. आपल्या विषयात त्याचं रूप होईल: ‘हाच प्राणी का, दुसरा का नाही?’ कव्हरेजकडे याचं उत्तर नसतं.

आणि कधी कधी कुणाकडेच नसतं. डुक्कर आणि कुत्रा यांच्या ग्रोथ हॉर्मोनचा क्रम एकच आहे, एका मण्याचाही फरक नाही. पशुवैद्यकांसाठी ही सोय, कारण हॉर्मोनची कमतरता असलेल्या कुत्र्याला डुकराचं चालतं. आपल्यासाठी ही भिंत. सर्च इंजिनला दोन्ही क्रम दिलेत तर ते यादीत वर आलेलं एक नाव छापेल आणि दुसरं त्याच गटात गुपचूप बसवेल. ‘डुकराचं ग्रोथ हॉर्मोन, कव्हरेज ९२ टक्के’ असं कुठे वाचलंत, तर कुत्र्याचं नाव शेजारी आहे का बघा. नसेल, तर लेखकानं गट उघडून पाहिलेला नाही. पुरवणीत दुसऱ्या प्रथिनाचा पुरावा असला तर गोष्ट वेगळी. पिट्युटरीच्या कच्च्या अर्कात ग्रोथ हॉर्मोनखेरीज बरंच काही असतं आणि तिथे प्राणी पकडता येतो. पण तिथेही सावध. पचवायला वापरलेलं ट्रिप्सिन बहुधा डुकराचंच असतं. त्याची ८४२.५१ आणि २२११.१०ची शिखरं इतकी ठरलेली, की लोक त्यांवर यंत्र कॅलिब्रेट करतात. ‘नमुन्यात डुकराची प्रथिनं आढळली’ हे तर प्रत्येक नमुन्याबद्दल म्हणता येईल.

मग मी काय वाचायला मागते? टक्केवारीऐवजी असं एखादं वाक्य: ‘९१६.४४चा तुकडा, वाय-४ ४३०.२४सह, आढळला, त्यामुळे मेंढी, शेळी, डुक्कर, कुत्रा, घोडा आणि माणूस यांपैकी कुणाचंही हॉर्मोन एवढ्यावरून हा सिग्नल देणार नाही, सुरुवातीचा मेथिओनिनवाला तुकडा आढळला नाही, ऑक्सिडाइझ झालेले प्रकारही शोधले.’ लांबलचक आहे, सारांशात मावत नाही. पण यातल्या प्रत्येक तुकड्यावर उलटतपासणी करता येते. ‘८३ टक्के कव्हरेज’वर उलटतपासणी कशी करायची?

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये अशी पद्धत येणार असेल, तर नमुना हातात येण्याच्या आधी एक संध्याकाळ काढा. युनिप्रॉटवरून सात-आठ प्राण्यांचे क्रम उतरवा. सिग्नल पेप्टाइड कापायला विसरू नका, डेटाबेसमध्ये ते जोडलेलं असतं आणि मग जागांचे क्रमांक सगळे सरकतात. ट्रिप्सिननं कागदावरच कापा. प्रत्येक तुकड्यासमोर लिहा, तो आणखी कुणाकुणात आहे, आणि त्याच वजनाचा वेगळा तुकडा कुणाकडे आहे. नैसर्गिक प्रकारही धरा, नाहीतर जर्सीची गाय तुम्हाला गाठेल. मग तुकडा फोडल्यावर कोणते आयन फरक दाखवतात त्यांवर लाल खूण करा. यंत्रावर तेच मागा, भले त्यांची उंची कमी असो.

घोड्याचा तक्ता मी इथे मुद्दाम मांडलेला नाही. घोडा आणि डुक्कर यांच्यातले फरक एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके थोडे आहेत, आणि आपला आठ मण्यांचा तुकडा दोघांत सारखाच आहे. वेगळा करणारा तुकडा कोणता, आणि नॅनोग्रॅमच्या पातळीवर तुम्ही त्यावर किती विश्वास ठेवाल? करून बघा आणि उत्तर खाली कमेंटमध्ये टाका, वाय आयनांसकट.